आधी वही वाच

पाचोडला माझी मावशी बाजाराच्या रस्त्यावर कॉम्प्युटर मांडून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची. त्या वर्षी सलग दुसरा दुष्काळ होता, अर्जांना तोटा नव्हता. मी शहरात, गारखेड्यात राहायचो आणि लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीनं पार झपाटलो होतो. फुकट आहे, कुणाच्या मालकीचं नाही, मग सगळ्यांच्या घरात का नको, हा माझा हेका. तिच्या मशीनची काहीच तक्रार नव्हती. "चालतंय की चांगलं, कशाला हात लावतो?" असं ती म्हणालीही, पण भाच्याला नाही म्हणवलं नाही. मी जुनं सगळं पुसून लिनक्स टाकलं, एक कागद छापून बघितला आणि दोनशेपानी वहीत सगळ्या आज्ञा लिहून दिल्या.

आमच्या लिनक्सवाल्या मंडळींची एक रीत होती, आधी वाचायचं, मग विचारायचं. न वाचता विचारणाऱ्याची आम्ही यथेच्छ टिंगल करायचो.

पंधरा दिवसांनी मित्राच्या गच्चीवर आमचा वाद रंगला होता. हे सामान्य माणसापर्यंत न्यावं, की ज्यांना झेपतं त्यांच्यापुरतंच ठेवावं? मी तावातावानं सामान्य माणसाची बाजू मांडत असतानाच मावशीचा फोन आला.

"अरं, प्रिंटर बंद पडलाय. मोसंबीच्या बागा वाळल्या ना, त्या मदतीच्या अर्जाची आज शेवटची तारीख हाय. बाहेर लई माणसं उभी हायेत."

"मावशी, वहीत सगळं लिहिलंय. आधी वाच," म्हणालो आणि फोन ठेवून पुन्हा सामान्य माणसाकडे वळलो. त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

आठवड्यानं गेलो तर कॉम्प्युटरवर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकलेला आणि मावशी हातानं अर्ज लिहीत बसलेली. त्या दिवशीही तिनं असेच लिहून दिले होते, बोटं दुखेपर्यंत. तरी निम्मी माणसं तशीच परत गेली. त्यात शेजारचे आजोबाही होते. ते आता तिच्या दुकानावरून मान फिरवून जायचे. एवढ्या वर्षांचा तिचा शब्द माझ्या हौसेपायी गेला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं चहा ठेवला आणि वही माझ्यापुढं सरकवली.

"वाचली रं. तीनदा वाचली."

मी पहिल्या पानापासून वही चाळली. प्रिंटर अडला तर काय करायचं, याबद्दल एक अक्षरही नव्हतं. माझ्या घरी प्रिंटरच नव्हता.