खोबरेल लावलेले बूट

हिवाळ्यात इथे वाळवंटातल्या डिमोना गावात खोबरेल गोठतं आणि बायको बाटली खिडकीच्या उन्हात ठेवते. तो वास सुटला की मला १९६३ साली अरादच्या डोंगरात केलेली पायपीट आठवते. कारखान्यातले आम्ही अकरा जण होतो आणि कड्यावरून मृत समुद्र पाहायचा होता. मुंबईहून आणलेले माझे बूट नऊ वर्षांचे झाले होते. ज्याचे बूट खराब तो बसपाशीच थांबेल, असं वाटाड्यानं आधीच बजावलं होतं, म्हणून मी त्यांना खोबरेल चोळून चांगली चकाकी आणली. सकाळच्या तपासणीत ते पास झाले. पण ऊन चढलं तसा चिकटवलेला रबरी सोल तेलानं सुटला आणि डावा बूट फटफट वाजू लागला. "बूट आहे की पापलेट? तळून आणलास काय रे?" आमच्या अकरांतलाच अलिबागचा शेजारी म्हणाला. वाटाड्यानं बूट हुंगला आणि हे काय म्हणून विचारलं. आता हा मला परत धाडणार असं वाटलं, तरी खरं ते सांगितलं, "आम्ही डोक्याला लावतो ते तेल." "मग डोक्यालाच लावत जा," तो म्हणाला, आणि माझ्या पोळ्यांचं फडकं सोडून त्यानंच सोल आवळून बांधला. तिथून कड्यापर्यंत दोन हजार एकशे चाळीस पावलं झाली, मी मोजली. खाली समुद्र निळा आणि निश्चल होता. सुट्या झालेल्या पोळ्या आम्ही वाटाड्यासकट बारा जणांनी तिथेच बसून संपवल्या. आता केस फारसे उरले नाहीत, तरी तेल मी डोक्यालाच लावतो.