अण्णा व्हिलन झाले तेव्हा

खटक्... घर्र्र्र... टक्!

व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवली की तो असा आवाज करायचा. आधी घास तोंडात घ्यायचा, मग चावायचा, मग गिळायचा. तो आवाज आला की खोलीतली सगळी माणसं गप्प. आता तीस वर्षं होत आली, तरी कुठे जुनं कुलूप उघडलं की मला वाटतं, चला, मारामारी सुरू होणार!

आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यात कोपऱ्यात माती साठत जाते. मुद्दाम कोणी साठवत नाही. हाताची गळते, साच्यातून सांडते, तिथेच वाळते. पुढे कधी पाणी मारलं की पुन्हा मऊ! किस्स्यांचं तसंच आहे. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म साचे भरण्यात गेला. पण माझ्या कोपऱ्यात एका सिनेमाचे किस्से साठलेत, कारण तो सिनेमा आम्हीच काढला होता. व्हिडिओवर. फुल मारामारीचा!

*

काढणारा विलास. लग्नांची शूटिंग करायचा आणि रोह्याला पुलापलीकडच्या अष्टमी गावात त्याची कॅसेट लायब्ररी होती. दुकानात तीन फळ्या. एकीवर ‘फुल मारामारी’, दुसरीवर ‘थोडी मारामारी’ आणि तिसरीवर ‘घरगुती’. धूळ फक्त तिसऱ्या फळीवर असायची.

निडीचे गोविंदबाबा म्हणून एक शेतकरी एकच कॅसेट पुन्हा पुन्हा न्यायचे. स्वस्तातला सिनेमा. त्यातला हिरो कोण, हे त्याच्या शेजाऱ्यांनाही माहीत नसेल. दहाव्या खेपेला विलासने विचारलं, "बाबा, एवढी आवडली फायटिंग?"

"फायटिंग कोन बघतंय? कोलाडला शूटिंग झालं तवा माझा पवळ्या मागं उभा होता. तो गुंडा पडतो ना, त्याच्या मागं. बघ, कसा निवांत रवंथ करतोय!"

पवळ्या जाऊन वर्ष झालं होतं.

विलासने दुकानाचं शटर ओढलं आणि सरळ पेणला माझ्याकडे आला. "नारूभाऊ, एका बैलासाठी माणूस दहा वेळा कॅसेट नेतो. मग स्वतःच्या थोबाडासाठी किती वेळा नेईल?"

सिनेमाचं नाव त्याने एसटीतच, रोह्याच्या नदीवरून ठरवून टाकलं होतं. ‘सूड कुंडलिकेचा’!

*

हिरो लगेच मिळाला. सुरेश. रोह्याजवळ केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा, अंगाने पहिलवान. व्हिलन मिळेना. मी अण्णांचं नाव सुचवलं. खरं सांगतो, सिनेमासाठी नाही सुचवलं.

अण्णा आमच्या कारखान्यातले आखणीवाले. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते सगळ्यात शेवटचं काम. चाळीस वर्षं त्यांनी डोळे काढले. पण मागल्या हंगामात त्यांचा हात थरथरला आणि एका गणपतीचा डावा डोळा तिळाएवढा खाली आला. मूर्ती नेणाऱ्याला कळलंसुद्धा नाही. अण्णांना कळलं. त्यांनी आपला खारीच्या केसांचा ब्रश धुतला, पुसला आणि माझ्या डब्यात ठेवला.

"नारू, तू ठेव. माझं झालं."

तेव्हापासून ते ओट्यावर बसून नुसता रस्ता बघत. डॉक्टर म्हणाले, हातात आजार काही नाही, मनात धास्ती आहे. मी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. मला एकच हवं होतं. पुढचा हंगाम यायच्या आत त्यांनी पुन्हा ब्रश धरावा. निदान घराबाहेर तरी पडावं. सिनेमा हे निमित्त.

विलास बघायला आला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. आखणीवाल्याला पापणी न लवता बघायची सवय असते. विलासला घाम फुटला.

"हाच! हाच व्हिलन! डायलॉगसुद्धा नको याला!"

अण्णा म्हणाले, "अरे बाबा, चष्मा आत राहिलाय. कोन आलंय तेच दिसत नाय मला!"

*

सूड घेणाऱ्या हिरोला दाढी पाहिजे, म्हणून सुरेशने महिनाभर दाढी वाढवली. एक फायटिंग अर्धी शूट झाली. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सुरेश आला तो गुळगुळीत!

"काय करू? नव्या प्लांटवर टाकला मला. तिथं मास्क लावावा लागतो. दाढीवर मास्क बसत नाय."

विलास डोकं धरून बसला. मी काळा रंग कालवला आणि सुरेशच्या गालावर दाढी रंगवायला घेतली. अण्णा व्हिलनचा काळा कोट घालून शेजारी बसले होते. त्यांना राहवेना.

"नारू, केस खाली जातात रे, वर नाय! ही दाढी हाय का विहिरीतलं शेवाळ?"

"मग तुम्ही काढा," मी म्हटलं आणि त्यांचाच ब्रश पुढे केला.

त्यांचा हात उठला. अर्ध्यावर आला. मग कोटाच्या खिशात गेला.

"शेवाळच बरं हाय," ते म्हणाले.

उन्हात सुरेशला घाम सुटला आणि अण्णांच्या प्रत्येक ठोशाला थोडी थोडी दाढी निघू लागली. आजही सिनेमा बघाल तर सुरुवातीला दाढी हिरोला आहे आणि शेवटी व्हिलनच्या मुठीला!

*

हाडं मोडण्याचा आवाज कसा काढायचा? विलासने बांबू मोडून बघितले, खुर्ची आपटून बघितली. जमेना.

काकी, म्हणजे अण्णांच्या घरच्या, पोह्याचे पापड लाटायच्या. सुकलेल्यातले जे मोडायचे ते एका डब्यात बाजूला ठेवायच्या. अण्णांनी तो डबा आणला आणि कॅमेऱ्याजवळ एक पापड मुठीत चुरडला. कडाड्! विलास उडालाच. "अगं आई गं! बरगडीच गेली!"

पण काकींनी अट घातली. "खायची वस्तू हाय. पायाखाली घ्यायची नाय, टाकायची नाय. मोडा आणि खा."

मग आम्ही कॅमेऱ्यामागे ओळीने बसायचो. समोर ठोसा बसला की पापड चुरडायचा आणि लगेच तोंडात टाकायचा, कारण पुढचा ठोसा तयार!

कॅसेट लागली तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. हाड मोडतं, कडाड्! आणि मग कोणीतरी ते सावकाश चावून खातं!

*

मोठी फायटिंग पेणच्या खाडीकडे मिठागरात ठेवली होती. मिठाचा पांढराशुभ्र ढीग, त्यावर काळ्या कोटातले अण्णा. विलास म्हणाला, "बर्फाचा डोंगर वाटेल बघा!"

सुरेश बूट घालून धावत आला आणि ढिगावर पाय टाकणार, एवढ्यात मिठागरातले म्हातारे रामजीदादा फावडं घेऊन आडवे आले.

"ए हिरो! मिठाव चपला नाय!"

"दादा, बूट आहेत," विलास म्हणाला.

"बूट काय तुझ्या बापाच्या ताटात ठेवतोस?"

सुरेशने बूट काढले. अण्णांनी तर आधीच काढून कडेला नीट जोडून ठेवले होते. त्यामुळे सिनेमात दोघे जानी दुश्मन पळत येतात आणि मधेच अनवाणी होऊन एकमेकांना मारतात.

लोकांनी कारण विचारलं तर विलास सांगायचा, "दुश्मनी आपल्या जागी. मिठाला दोघेही जागतात!"

*

कोलाडला हायवेवरच्या एका हॉटेलात शूटिंग होतं. सीन साधा. हिरो व्हिलनची कॉलर धरतो, व्हिलन त्याला टेबलावर आपटतो. कॅमेरा विलासने आत काउंटरच्या आडोशाला लावला होता. सुरेशने कॉलर धरली, ओरडला, "आज तुला सोडणार नाही, म्हाताऱ्या!"

तेवढ्यात गोव्याकडची गाडी चहापाण्याला थांबली. उतरलेल्या पॅसेंजरना कॅमेरा काही दिसला नाही. दिसला तो साठीचा म्हातारा आणि त्याच्या गळ्याशी लागलेला दांडगा जवान!

"लाज नाय वाटत? बापाच्या वयाचा माणूस!" म्हणत चार जण धावून आले आणि हिरोला खरोखरच्या दोन-दोन ठेवून दिल्या. अण्णा मधे पडले. "अवो, सोडा त्याला! गुंडा मी हाय! मी लय वाईट माणूस हाय!"

हे कोणाला पटेना. एक बाई म्हणाली, "मुलगा असेल. किती सांभाळून घेतायत बघा!"

शेवटी अण्णांनी त्याला सोडवला. मग सीन पुन्हा घेतला. अण्णांनी त्याला टेबलावर आपटला आणि खाली वाकून हळूच विचारलं, "लागलं नाय ना रे, बाळा?"

ते कॅसेटवर तसंच राहिलं. विलासला काढता आलं नाही आणि पुढे काढावंसं वाटलं नाही. अख्ख्या तालुक्यात हा एकच डायलॉग पाठ झाला. पोरं शाळेत एकमेकांना गुद्दा मारून विचारायची, "लागलं नाय ना रे, बाळा?"

विलासने गावोगावची माणसं सिनेमात घेतली होती, तो हिशोबही बरोबर निघाला. लायब्ररीत परत येणारी प्रत्येक कॅसेट वेगळ्या जागी झिजलेली असायची. ज्याचं थोबाड जिथे, त्याची झीज तिथे!

*

आता शेवटचा सीन. हिरो व्हिलनला पुलावरून कुंडलिकेत फेकतो. अण्णांना फेकणं शक्य नव्हतं, म्हणून मी पुतळा केला. अंगात पेंढा, वर तो काळा कोट, आणि डोकं कागदाच्या लगद्याचं. अण्णांना ओट्यावर निजवून चेहऱ्याचा साचा घेतला होता. नाक, कपाळ, गालावरचा चामखीळ, सगळं हुबेहूब. फक्त डोळ्यांच्या जागी पांढरं. एवढ्या लांबून कोणाला दिसणार आहेत डोळे?

रोह्याच्या पुलावर माणसं जमली. उन्हं कलत होती. विलास खाली घाटावरून ओरडला, "लवकर! सूर्य जातोय!" सुरेशने पुतळा उचलून कठड्यावर ठेवला.

"थांब," अण्णा म्हणाले.

ते पुतळ्यासमोर उभे राहिले. आपल्याच चेहऱ्याकडे बघत.

"नारू, हा आंधळा हाय."

"अण्णा, लांबून दिसत नाही."

"तुला कोनी शिकवलं? आखणी नाय झाली तर परत मातीत कालवायचा. पान्यात नाय सोडायचा. बिनडोळ्यांचा पान्यात जात नाय."

मी डबा उघडला आणि काळ्या रंगाची वाटी काढली. ब्रश पुढे केला नाही. नुसता डब्यात ठेवला, त्यांना दिसेल असा.

खालून विलास ओरडत होता, "अहो, काय चाललंय? सूर्य!"

अण्णांनी चष्मा लावला. ब्रश उचलला. टोक ओठांवर फिरवून बारीक केलं, रंगात बुडवलं. हात पुतळ्याच्या गालापर्यंत गेला आणि थरथरू लागला.

"धर," ते म्हणाले.

मी त्यांचं मनगट खालून धरलं. वरची पापणी झाली. खालची झाली. बुबुळ बसलं. डावा डोळा उघडला.

अण्णांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

"सोड आता," ते म्हणाले.

मी हात काढला. त्यांनी श्वास रोखला, करंगळी गालावर टेकवली आणि उजवा डोळा काढला. एका दमात. तिळाएवढाही फरक नाही.

मग ते बाजूला झाले आणि विलास ओरडला, "अ‍ॅक्शन!"

सुरेशने पुतळा डोक्यावर उचलला, वर पाहिलं, आणि तसाच थांबला.

"फेक! फेक ना!"

"कसा फेकू? बघतायत माझ्याकडं!" सुरेश रडकुंडीला आला. "दादा, माझ्याच्यानं नाय व्हायचं!"

विलासने पुलावरच्या दुसऱ्या कोणाला सांगून बघितलं. कोणी पुढे येईना. अष्टमीची एक म्हातारी पुढे आली आणि पुतळ्याला हात जोडून शेजारणीला म्हणाली, "गो, डोळे उघडलेल्याला वरून टाकतात का? खाली न्या. नीट सोडा."

सूर्य कोणासाठी थांबतो! सुरेश पुतळा दोन्ही हातांवर घेऊन घाट उतरला. मागे शंभर माणसं, त्यांत मी आणि अण्णाही. तो कमरेएवढ्या पाण्यात गेला. कॅमेरा चालू होता. आणि त्या हिरोने, ज्याच्या बापाचा खून व्हिलनने पहिल्याच सीनमध्ये केला होता, व्हिलनला एकदा बुडवून वर काढला, दुसऱ्यांदा बुडवून वर काढला आणि तिसऱ्यांदा हळूच सोडून दिला!

काठावरून कोणीतरी सवयीने ओरडलं, "पुढच्या वर्षी लवकर या!"

विलास वाळूत बसून हसत होता की रडत होता, कळत नव्हतं.

मी अण्णांकडे वळलो. ते पाण्याकडे बघत होते, पापणी न लवता. हातात ब्रश तसाच. मी डबा उघडून पुढे धरला. त्यांनी ब्रश नदीच्या पाण्यात खळबळून घेतला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, केस बोटांनी सरळ केले. मग तो आपल्या वरच्या खिशात खोचला.

"अण्णा, एक शॉट बाकी आहे!" विलासने हाक मारली.

अण्णा घाटाच्या पायऱ्या चढून पेणच्या एसटीकडे चालू लागले होते.