रांधणारीचा पहिला घास

मंडप सुटतो, उष्ट्या पत्रावळी गाई खाऊन जातात, पाहुणे आपण काय खाल्लं तेही विसरतात. किस्से मात्र चिकटून राहतात. आम्ही चंद्रपुरात तीन पावसाळे रानभाजी महोत्सव भरवला. जंगल न ओरबाडता जे उगवतं ते खा, एवढंच शहराला सांगायचं होतं, आणि खाणं सगळ्यांना फुकट! मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, मंडप रफीकभाऊंचा, आणि गावागावांतल्या बायांना बोलवायचं काम शाळेतल्या मेश्राम बाईंचं. आम्ही तिघं भेटलो की हे किस्से निघतात आणि पोट दुखेपर्यंत हसू येतं. एक किस्सा सोडून. तो निघायला लागला की मी लगेच चहा मागवतो. आज तोही सांगतो, पण आधी हसून घेऊ.

*

पहिल्या वर्षी गेटवर भलंमोठं बॅनर लागलं, 'प्लास्टिकमुक्त महोत्सव'. जवळ जाऊन हात लावला तर फ्लेक्सचं! मी रफीकभाऊंवर उखडलो.

"रफीकभाऊ, प्लास्टिकमुक्तीचं बॅनरच प्लास्टिकचं?"

ते शांतपणे दोरी आवळत म्हणाले, "सर, कापडाचा रंग पावसात उतरते. मुक्ती दोन दिवस तरी टिकली पाह्यजे ना!"

*

त्याच वर्षी उद्घाटनाला आलेले पाहुणे 'मातीतलं खा' या विषयावर पाऊण तास बोलले. टाळ्या पडल्या. जेवायची वेळ झाली तसे मेश्राम बाईंच्या कानाशी लागून म्हणाले, "बाई, माझं पथ्य आहे. डबा गाडीतच आहे."

ते गाडीत बसून पोळी आणि बटाट्याची भाजी जेवले. त्यांचा ड्रायव्हर मात्र तिसऱ्यांदा टेकोडे वाढून घेत होता. टेकोडे म्हणजे आमच्याकडचे पावसाळी मशरूम. आम्ही पुढच्या वर्षी उद्घाटनाला त्यालाच बोलवायचं ठरवलं होतं, पण त्याची बदली झाली!

*

दुसऱ्या वर्षी फुकटची बातमी फुटली आणि रांग मैदान ओलांडून मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये शिरली. सगळ्यात जास्त मागणी तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, भाजीला. लोक बोटं चाटत विचारत होते, "ही भाजी भेटते कुठी?"

संध्याकाळी आम्ही मागचा प्लॉट पाहिला. अख्खा तरोटा माजला होता तिथं. रांगेनं तुडवून त्याचा चिखल केला होता.

मेश्राम बाई म्हणाल्या, "ज्याच्यावर तासभर उभे राह्यले, तेच खाऊन गेले जी!"

त्या दिवशी आम्ही खूप हसलो. आता वाटतं, खाली न बघण्यात मी त्या रांगेच्याही पुढे होतो.

*

त्याच वर्षी एका डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "सर, एखादा मशरूम विषारी निघाला तर?" माझी झोप उडाली. मग मी नियम काढला. रांधणाऱ्या बाईनं वाढायच्या आधी सगळ्यांसमोर स्वतः एक घास खायचा. मी तो माईकवरून तीनदा सांगितला. मला तो नियम फार आवडला होता.

पोंभुर्ण्याच्या एका मावशींनाही आवडला. त्या दर दहा मिनिटांनी पहिला घास खायच्या. दुपारपर्यंत पातेलं अर्ध्यावर आलं. मी टोकलं, तर म्हणाल्या, "नवीन मानूस आला का नवीन घास. नियम तुमचाच आहे ना सर!"

*

आता तो किस्सा.

तिसऱ्या वर्षी धानोऱ्याच्या पुढच्या एका गावातून सोमीबाई आल्या. गावच्या लग्नांत त्याच रांधायच्या, त्यांच्या हाताला नाव होतं. बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना आमच्याकडे वास्ते म्हणतात, त्यांची भाजी आणायची होती. एका बेटातले थोडेच कोंब काढायचे, बाकीचे वाढू द्यायचे, ही त्यांची रीत. पहाटेच्या एसटीनं, दोन गाड्या बदलून, मांडीवर भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन त्या आल्या होत्या. "शहर आमच्या गावची भाजी खाईल," असं गावात सांगून निघाल्या होत्या.

मी म्हटलं, "सोमीबाई, आधी तुम्ही एक घास खा."

"मी नाई खात, सर."

"का?"

"आमच्या गावचं नवं नाई झालं अजून."

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "मग लोकांनी कसं खायचं?"

"लोक पावणे आहेत. पावण्यायले चालते. मले नाई चालत."

मला ती पळवाट वाटली. विचारायला हवं होतं, नवं म्हणजे काय? मेश्राम बाई दहा पावलांवर होत्या. पण माझ्या हातात माईक होता! मी त्यात बोललो, "सात नंबरच्या स्टॉलवर कोणी खाऊ नये."

रांग झटकन मागे सरकली. कुणीतरी 'विष' हा शब्द उच्चारला, तो मी स्वतः ऐकला. रफीकभाऊ एकटेच पत्रावळ घेऊन पुढे झाले. "मले वाढा, बाई."

सोमीबाई म्हणाल्या, "राहू द्या, भाऊ. तुमाले पन नावं ठेवतील." त्यांनी गंजावर पळसाची पानं झाकली, फडकं बांधलं आणि भरला गंज मांडीवर घेऊन परतीच्या एसटीत बसल्या.

संध्याकाळी मेश्राम बाईंनी मला समजावलं. नवं उगवलेलं आधी गावदेवाला दाखवायचं, गावानं मिळून पूजा करायची, तोवर ते तोंडात घालायचं नाही. भूक लागली तरी नाही. इतकं जंगल सांभाळून खाणाऱ्या बाईला मी जंगल सांभाळून खाण्याच्या महोत्सवातून हाकललं होतं. चौथ्या वर्षी मी महोत्सव भरवला नाही. विचारलं की पावसाचं कारण सांगायचो.

*

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी, त्यांच्या गावचं नवं झाल्याची खात्री करून, मी माफी मागायला गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती. दारात सोमीबाईंनी पाणी दिलं, "बसा सर," म्हणाल्या आणि आत गेल्या. शेजारच्या दोन बाया येऊन बसल्या. माफी जेवणानंतर मागू, असं मी ठरवलं.

सोमीबाईंनी पत्रावळीवर भात वाढला, त्यावर वास्त्यांची भाजी. मी हात पुढे केला.

"थांबा, सर."

त्यांनी गंजातून तळहातावर भाजी घेतली, माझ्यासमोर बसून खाल्ली, नीट चावून गिळली. शेजारणी बघतच राहिल्या. पाहुण्याच्या आधी घरधनीण जेवलेली त्यांनी कधी पाहिली नसावी.

मग पत्रावळ माझ्याकडे सरकवत सोमीबाई म्हणाल्या, "तुमच्याइथी असंच असते ना? खा आता."