भिंत पोखरली, पण माती कुठे गेली?

त्या प्रकरणाची आठवण निघाली की मला आजही स्वतःचा राग येतो. चोर पकडायला गेलो आणि भलतंच हाती लागलं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्याकडचे छापील कागद जुन्याच जिल्ह्याचे होते. उस्मानाबाद खोडायचं, वर पेनाने लातूर लिहायचं आणि मग पुढचा मजकूर. मी फौजदार होतो, शिरूर अनंतपाळकडच्या एका गावातलं दूरक्षेत्र, म्हणजे पोलीस चौकी, माझ्याकडे होतं. दुष्काळ पडलेला. दुष्काळी कामावरच्या मजुरांना वाटायचं धान्य गावातल्या एका मातीच्या इमारतीत ठेवलं होतं. त्यावर एक चौकीदार नेमलेला. मागच्याच खोलीत तो बायकोसह राहायचा.

एके दिवशी खबर आली की गोदामाची मागची भिंत कोणीतरी थोडी थोडी पोखरतंय. त्या दिवसांत धान्यासाठी लोक काय वाटेल ते करतील, असं आम्ही धरूनच चालायचो. जाऊन पंचनामा केला. भिंतीला पाच-सहा खळगे होते, एकात तर माझा हात कोपरापर्यंत गेला. पहारीचा घाव मात्र कुठे दिसेना. चौकीदार म्हणाला, मला काहीच ठाऊक नाही. भिंतीला लागून झोपणाऱ्या माणसाला ठाऊक नाही, हे मला कसं पटावं? मी अहवाल पाठवला. दोन दिवसांत तहसिलातून त्याला कामावरून थांबवल्याचा आदेश आला. आता त्याचं घर आणि नोकरी दोन्ही जाणार होती, वर तुरुंगाची टांगती तलवार.

मग दुसरी खबर आली. चौकीदाराची बायको रोज दुपारी त्या भिंतीमागे जाऊन बसते.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, असा नियम. शेजारची एक म्हातारी सोबतीला बसवली. माझ्याबरोबर उदगीरचे जमादार होते, नोकरीत मुरलेले. बाई तिशीतली, चेहरा पांढराफटक, दाराच्या चौकटीला टेकूनच उभी. मी दरडावून विचारायच्या आधीच ती बोलली.

"साहेब, मालकाला सोडा. त्येंचा काय बी दोष न्हाई. माती मी खाल्लीय."

इतकी सरळ कबुली मला आयुष्यात मिळाली नव्हती. सोबत कोण होतं, विचारलं. कोणी नाही म्हणाली, एकटीच, लई दिवसांपासून. जमादारांनी तिचे शब्द वहीत टिपले. मी पक्का जबाब लिहिला, "सदर गैरकृत्य माझ्या हातून घडले असून ते मला मान्य आहे." अंगठा घेतला. गावभर झालं की चौकीदाराची बायको चोर निघाली.

चौकीत बसून पंचनाम्याची चांगली प्रत काढत होतो. घटनास्थळी काय काय मिळून आलं, तिथे येऊन पेन थांबला. काहीच मिळालं नव्हतं. अरे, पण कोपरापर्यंत भिंत पोखरली तर खाली पाटीभर माती पडायला हवी! ती गेली कुठे? जमादार म्हणाले, "कबूल झाली की साहेब बाई. आता कशाला डोकं लावून राहिलात?" मी त्यांची वही मागितली. तिचे शब्द तिच्याच बोलीत वाचले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. हातून काही वाईट घडलं की आपण माती खाल्ली म्हणतो. तिला ते म्हणायचंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिच्या दारात गेलो. "बाई, माती खाल्ली म्हणजे खरोखरची खाल्ली?"

तिने मान खाली घातली. पदराची गाठ सोडून पांढऱ्या मातीचा एक खडा माझ्यापुढे धरला. त्यावर दातांच्या खुणा होत्या.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तिच्या पापण्या आणि नखं पाहिली. अंगात रक्तच नाही म्हणाले. मी म्हटलं, हे तर डोहाळ्यांतलं खाणं, ही बाई गरोदर नाही. ते हसले. गरोदर नसतानाही होतं, म्हणाले, याला पायका म्हणतात. कधी रक्त कमी असतं, कधी मनावर ताण असतो. मला राहवेना, मी विचारतच गेलो. त्यांनी सांगितलं, कोणी झोपेतच उठून जेवतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. कोणाच्या घरी सगळं असतं, तरी दुसऱ्याची वस्तू दिसली की हात आवरत नाही. आधी जीव कासावीस होतो, उचलली की मोकळं वाटतं, मग लाज खात राहते. मला देगलूरच्या एक सुखवस्तू बाई आठवल्या. लग्नाघरांतून वाट्या-चमचे उचलायच्या. त्यांना मी चारचौघांत काय नाही ते बोललो होतो. डॉक्टरांसमोर बसल्या जागी मला शरम वाटली.

गुन्हा घडलेला नाही, असा अहवाल घेऊन मी स्वतः तहसिलात गेलो. लोक हसले, पण चौकीदार कामावर परत आला. बाईला गोळ्या सुरू झाल्या, आणि नांदेडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या नावे डॉक्टरांनी चिठ्ठी दिली.

ती चिठ्ठी द्यायला गेलो तेव्हा तिने विचारलं, "म्हंजे साहेब, मी वंगाळ बाई न्हाई?"

"नाही. आजार आहे हा."

"मग त्येवढं मालकाला तुमीच सांगा. माझं खरं वाटायचं न्हाई त्येंना."

मी सांगितलं. चौकीदार म्हणाला, "रोज पुसत होतो, जेवत का न्हाईस म्हनून. भूक न्हाई म्हनायची."

पुढे नोकरीत कोणी कबुली दिली की मी एक प्रश्न जास्त विचारायचो, म्हणजे नेमकं काय केलं? आणि जबाब ज्याच्या त्याच्या शब्दांतच लिहायचो. एवढं शिकलो. पण त्या दिवशी तिच्या दारात उभा असताना मी तिची माफी मागितली नाही. फौजदाराने माफी मागायची आमच्यात रीत नव्हती. तिने मला चहा केला, मी तो प्यायलो आणि निघून आलो.