आळे आणि उंचवटा

ज्या प्रदेशात पाऊस जवळजवळ पडतच नाही, तिथे फुलझाड जमिनीच्या पातळीपेक्षा चार बोटे खाली लावतात. भोवती बशीसारखा खोलगट भाग करतात, त्याला आपण आळे म्हणतो. घातलेले पाणी इकडेतिकडे न पळता मुळांपाशीच मुरावे, हा त्यामागचा हेतू. मस्कतला आमच्या घरासमोर जी चिमुकली बाग होती, तिच्यातले प्रत्येक आळे माझ्या यजमानांनी स्वतःच्या हाताने, तळहात फिरवून गुळगुळीत केलेले असे.

हे तिथे समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करणाऱ्या प्रकल्पात अभियंता होते आणि मी शाळेत भूगोल शिकवत असे. एक घागर गोडे पाणी तयार व्हायला किती यंत्रे राबतात हे ज्याने रोज पाहिले, त्याला पाणी नुसते वाहून जाताना बघवत नाही. आमच्याकडे तांदूळ धुतलेले पाणी सदाफुलीला जाई, भाज्यांचे पाणी घाणेरीला. झाडे सगळी बुटकी निवडलेली होती. उंच झाडाला गरम वारा अधिक लागतो आणि पाने जितकी जास्त तितके पाणी अधिक उडते. म्हणून गुडघ्याच्या खाली राहणारी, पण एकाच मुळावर वर्षानुवर्षे फुलणारी झाडे. अंगणात खडी पसरलेली, तिच्यावर दुपारी पाय ठेवता येत नसे आणि त्या खडीतून गुलाबी सदाफुली मजेत मान वर काढून उभी असे. शेजारपाजारची मंडळी आळे कसे करावे हे विचारायला यायची. हे शिकवत, आणि मी दारातून ऐकत असे. शिक्षिका मी, पण आमच्या घरातला उत्तम तास अंगणात चाले.

निवृत्तीनंतर आम्ही मुलीकडे सिंगापूरला आलो. ती पाया लेबारच्या एका कार्यालयात काम करते, जावई घरूनच करतात, आणि बुकित तिमाह भागातल्या त्यांच्या काँडोत, म्हणजे सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये, आमच्यासाठी एक खोली आधीच लावून ठेवलेली होती. नात तेव्हा शाळेच्या खालच्या वर्गात होती. आम्हाला तिथे एक वर्ष राहण्याचा पास मिळाला होता. विमानतळावरून येतानाच ह्यांनी सांगून टाकले, "पास संपेपर्यंत राहू. पुढे पुण्याचा फ्लॅट आहेच."

मला मात्र राहायचे होते. नातीचा मराठी वाचनाचा धडा नुकताच सुरू झाला होता. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांच्यापर्यंत आम्ही अजून पोचलो नव्हतो. ह्यांच्याशिवाय मी इथे राहिले नसते आणि ह्यांना इथे करमत नव्हते. सकाळी खाली पोहण्याच्या तलावाभोवती दोन फेऱ्या, मग हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, कॉफी, मग वर येऊन पुण्याच्या हवामानाची चौकशी. हातांना काही काम नव्हते. माती म्हणून आपली अशी नव्हती.

ही गोष्ट मुलीच्या लक्षात आली. एका रविवारी ती ह्यांना रोपवाटिकांच्या रस्त्यावर घेऊन गेली. परतले तेव्हा गाडीच्या डिकीत सगळी मस्कतचीच मंडळी होती: सदाफुली, बुटकी घाणेरी, गझानिया. शिवाय मुलीने भेट म्हणून घेतलेले एक अडेनियम. बुंधा सुरईसारखा फुगलेला, वर लालबुंद फुलांचा तुरा. वाळवंटातले हे झाड पाणी बुंध्यात साठवून ठेवते. ह्यांनी ते मांडीवर घेऊन पूर्ण प्रवास केला होता.

"सगळी ओळखीची निघाली बघ," हे मला म्हणाले. कित्येक महिन्यांत एवढे आनंदाने बोललेले पहिलेच वाक्य.

दुपारभर गॅलरीत काम चालले. प्रत्येक कुंडीत झाड चार बोटे खाली बसले. प्रत्येकाभोवती तळहाताने गुळगुळीत केलेले आळे आले. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरी घट्ट बसवली, खाली बशी ठेवली, आणि बाथरूममध्ये तांदळाच्या पाण्याची बादली सुरू झाली.

दुसऱ्याच संध्याकाळी मुलीने ती बादली पाहिली. "बाबा, हे काय? इथे साठवलेलं पाणी चालत नाही हो. डास होतात. तपासायला घरी येतात सरकारी लोक."

"डास काय तांदळाचं पाणी प्यायला येणार आहेत?"

"अंडी घालायला येतात! आणि बशा पण काढा त्या."

"बशा काढल्या तर पाणी वाया जाईल."

"बाबा, बाहेर बघा."

बाहेर नेहमीप्रमाणे संध्याकाळचा पाऊस कोसळत होता, समोरची इमारत दिसत नव्हती. ह्यांनी बाहेर पाहिले, बादली ओतली, आणि बशा मात्र कुंड्यांच्या मागे सरकवून ठेवल्या. नंतर त्यांत साचलेले पावसाचे पाणी मी रोज गुपचूप ओतून टाकत असे.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग सदाफुलीने मान टाकली. पाने लोंबली, कडा मऊ पडल्या. आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मुळांना श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीतली हवा ती घेतात. त्या पोकळीत सतत पाणीच भरून राहिले की मुळे गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी वर चढवू शकत नाहीत. म्हणून पाण्यात बुडालेले झाड आणि तहानेने व्याकूळ झालेले झाड वरून अगदी सारखे दिसते. दोन्ही मान टाकतात. ज्याची सारी हयात तहानलेली झाडे पाहण्यात गेली, त्याने मान टाकलेली सदाफुली पाहिली की तो काय करणार? हे पाण्याचा तांब्या घेऊन आले.

सदाफुली गेली. पाठोपाठ गझानिया. मी एकदा म्हटले, "अहो, इथली हवा उलटी आहे. तिथे पाणी धरून ठेवायचं होतं, इथे ते घालवायचं आहे."

"तुझा भूगोल फळ्यावरचा. मी पंचवीस वर्षं झाडं जगवली आहेत."

"जगवली, कबूल. पण मस्कतला."

हे चष्मा पुसत बसले. मी विषय वाढवला नाही. आमच्यात चूक दाखवून दिली की दोन दिवस अबोला होतो आणि मग ती चूक ते स्वतःच सांगतात. वाट पाहण्यात माझे काही जात नव्हते. जात होते ते झाडांचे.

घाणेरी तग धरून होती, पण फुले येईनात. आणि मग एका सकाळी अडेनियमचा बुंधा ह्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला. पिकलेल्या पेरूसारखा तो आत गेला.

त्या दिवशी हे कॉफीला खाली उतरले नाहीत. जेवताना मुलीला म्हणाले, "पास संपायला अजून दोन महिने आहेत, पण तिकीट आधीचं मिळालं तर बघ."

"बाबा, एका झाडासाठी?"

"झाडासाठी नाही गं. इथे माझ्या हाताला काही येत नाही."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी नातीच्या ताटात वरण वाढत होते. मला ते वाक्य फार लागले, कारण त्यात तक्रार नव्हती.

दुपारी ह्यांनी कुंडी गॅलरीत आडवी केली. मला वाटले, फेकायला निघाले. पण त्यांनी माती हाताने सोडवली, मुळे मोकळी केली आणि मला हाक मारली. "अगं, इकडे ये. वास घे."

गटारासारखा वास होता. तळाची माती काळी, चिकट. खापरी इतकी घट्ट बसवलेली की एक थेंब बाहेर गेला नसावा.

"बुडवलं मी याला," हे म्हणाले. "इतकी मेहनत करून बुडवलं." आणि मग चक्क हसले. "प्रकल्पात असतो तर मला नोकरीवरून काढलं असतं."

"सुरी आणू?"

"धारदार आण. आणि हळद."

बुंध्याचा मऊ भाग त्यांनी कापत कापत नेला. आत पांढरा, घट्ट गर लागेपर्यंत. कापलेल्या जागेवर हळद दाबली. आता झाड वाळवायचे होते, मातीशिवाय, वाऱ्यावर, उलटे टांगून. गॅलरीत टांगायला जागा एकच: कपडे वाळत घालायचा स्टँड. म्हणून नातीच्या शाळेच्या गणवेशाच्या आणि जावयांच्या शर्टांच्या मधोमध, सुतळीने बांधलेले, पिवळे तोंड केलेले अडेनियम डोके खाली करून लोंबू लागले.

नात शाळेतून आली, दप्तर टाकले आणि थबकून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली. "आजोबा! डेड ऑलरेडी लाह!"

"डेड नाही. झोपलंय."

"अपसाइड डाउन?"

"वटवाघूळ कसं झोपतं?"

तिला हे पटले. रोज शाळेतून आली की ती त्या झाडाला हळू आवाजात 'गुड आफ्टरनून, बॅट' म्हणू लागली. जावई दर वेळी शर्ट काढताना हळदीचा डाग पाहून काही न बोलता दुसरा शर्ट घालत. आमचे जावई फार सोशिक आहेत, हे इथे नोंदवून ठेवते.

दरम्यान हे जुन्या कुंड्यांपाशी बसून होते. खापऱ्या काढून टाकल्या. मातीत निम्म्याहून जास्त बारीक खडी मिसळली. आणि मग, मी कधी पाहीन असे वाटले नव्हते ते पाहिले: ह्यांनी कुंडीच्या मधोमध मातीचा उंचवटा केला, तळहाताने, तितकाच गुळगुळीत, फक्त उलटा. ज्या हाताला इतकी वर्षे खोलगटाची सवय, तो मध्येच थांबे, पुन्हा आत दाबू पाही, आणि हे स्वतःलाच "अंहं" म्हणत. जखम वाळल्यावर अडेनियम त्या उंचवट्यावर बसले, बुंधा पूर्ण उघडा, मुळे खाली उतरती. कुंडी छताच्या आतल्या बाजूला गेली, जिथे ऊन येते पण पाऊस पोचत नाही. पाणी बंद. तेच सगळ्यात कठीण होते. कधी कधी हे तांब्या घेऊन उभे राहत आणि तसाच परत नेत.

झाडावर एकही पान राहिले नव्हते. मुलीने तिकिटांच्या दोन तारखा काढून ठेवल्या होत्या आणि बाबांनी विचारायची वाट पाहत होती. मीही. नातीचा 'क्ष' तेवढ्यात झाला.

एका सकाळी ह्यांनी मला गॅलरीत बोलावले नाही. स्वतःच बराच वेळ वाकून पाहत राहिले. मी मागून गेले. फांदीच्या टोकाशी मोहरीएवढे हिरवे काहीतरी होते. एक नव्हे, तीन फांद्यांवर.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर हे मुलीला म्हणाले, "ती रोपवाटिका रविवारी उघडी असते ना? उथळ कुंड्या हव्या होत्या. चार-पाच."

"चार-पाच? बाबा, मग त्या तारखा..."

"तारखा राहू देत. पासचं काय करावं लागतं ते बघ."

मुलीने घास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिले. जावई पाणी आणायला उठले आणि उगीचच स्वयंपाकघरात थांबले.

"आणि पुण्याचा फ्लॅट?" मी विचारले.

"तुझ्या बहिणीकडे किल्ली आहे की. अधूनमधून खिडक्या उघडेल," हे म्हणाले आणि भाताकडे हात केला. "जरा वाढ."