कृपया जागेवर बसून राहा

आमच्या इमारतीत नीरजाताई दोन ठिकाणी राहतात. तिसऱ्या मजल्यावर नवऱ्याबरोबर आणि लिफ्टमध्ये एकट्या. लिफ्टचं जाळीचं दार जरा उघडं राहिलं की वरच्या डबीतून त्यांचा आवाज येतो, "कृपया दार नीट बंद करा." आम्ही कोथरूडची माणसं सूचना द्यायला जन्मलेली, घ्यायला नाही. तरी या आवाजापुढे सगळे मुकाट्यानं दार लावतात. मीसुद्धा लावते, आणि सोसायटीच्या सभेत मी उठले की चेअरमन आधी पाणी पितात.

गंमत म्हणजे नीरजाताईही लावतात. हातात भाजीची पिशवी असते, चष्मा नाकावर घसरलेला असतो, वरून आवाज येतो आणि त्या घाईघाईनं म्हणतात, "हो हो, लावते." एकदा न राहवून मी म्हटलं, "अहो, तो तुमचाच आवाज आहे. स्वतःलाच काय उत्तर देता?"

त्या ओशाळून हसल्या. "ते कळतं हो. पण सांगतंय ना कुणीतरी."

हा आवाज शोधला आमच्या गल्लीतल्या तेजसनं. त्याचा एका गॅरेजमध्ये छोटासा स्टुडिओ आहे. बँका, लिफ्टवाले, दवाखाने यांना लागणाऱ्या सूचना तो तिथे रेकॉर्ड करून देतो. नीरजाताई शाळेत पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा ळ स्वच्छ, ण ठसठशीत. गणपतीत त्यांनी स्पर्धेचे निकाल वाचले, ते तेजसनं ऐकले आणि दुसऱ्या दिवशी दारात हजर. त्यानं त्यांना एकच गोष्ट घोटून शिकवली. "काकू, 'कृपया' म्हटल्यावर थांबायचं नाही. थांबलं की लोकांना वाटतं, आपल्याला विचारतायत. आपण विचारत नाही आहोत." नीरजाताई थांबायच्या नाहीत. बघता बघता त्यांचा आवाज शहरभर झाला. कुठे रांग लाव म्हणू लागला, कुठे मोबाइल बंद कर. लोक करत होते.

घरात मात्र या बाईनं कुणाला कधी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या बोलण्यात 'मला' हा शब्द सापडायचा नाही. त्यांचे यजमान गोपाळकृष्ण अगदी मऊ स्वभावाचे. चाळीसएक वर्षं ते बिचारे विचारत आले, "नीरजा, तुला काय हवंय?" हॉटेलात, साडीच्या दुकानात, मुलाचं नाव ठेवताना. उत्तर ठरलेलं. "तुम्ही म्हणाल तसं." मुलाचं नाव शेवटी त्यांच्या नणंदेनं ठेवलं, आमोद. गोपाळकृष्ण मला एकदा म्हणाले होते, "नवरा झालो, पण मला हुकूम सोडता येत नाही आणि हिला दुसरं काही कळत नाही. आमची जोडी जमवणाऱ्याचा सत्कार करायला हवा." हसत म्हणाले, पण त्यात दुखरेपणा होता.

याचं मूळ नीरजाताईंनीच मला सांगितलं. गच्चीवर संध्याकाळी आम्ही दोघी वाळवण उचलत होतो आणि त्या एखाद्या जुन्या सहलीबद्दल सांगावं तसं सांगत होत्या. त्यांचे वडील शाळेत कवायतीचे मास्तर. घरीही शिट्टी गळ्यात. एका दुपारी त्यांनी अंगणात लहानग्या नीरजाला 'सावधान' म्हटलं, तेवढ्यात कुणी पाहुणे आले आणि वडील त्यांच्याबरोबर बाहेर निघून गेले. 'विश्राम' म्हणायचं राहून गेलं. चिंचेची सावली अंगणभर सरकली, पायावर मुंग्या चढल्या, आई हाका मारून दमली. ही उभीच. वडील परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे कित्येक वर्षं ते येईल त्याला ही गोष्ट सांगायचे आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायचे.

"इतकं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही," नीरजाताई म्हणाल्या.

मला वडिलांचा राग आला. मुलीला उन्हात विसरणाऱ्या माणसाला डोळ्यांत पाणी आणायचा काय अधिकार? पण त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं सुख इतकं मऊ पसरलं होतं की मी पापड मोजल्यासारखं केलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी त्यांचं नेहमीचं स्वप्न सांगितलं. स्वप्नात मंडई असते, सगळी रिकामी. गाळ्यांवर पालेभाजी ओली चमकत असते, विकणारं कुणी नाही. उंच छतातून त्यांचाच आवाज येतो, "कृपया रांगेत उभे राहा." आणि त्या उभ्या राहतात. पुढे कुणी नसतं, मागे कुणी नसतं.

"एकटीची रांग कशी होईल?" मी विचारलं.

"होते. मी उभी राहते ना."

यंदा माघात गोपाळकृष्णांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनची त्यांना तितकी भीती नव्हती. भीती होती ती जाग येण्याची. लहानपणी टॉन्सिल काढले होते, शुद्धीवर आले तेव्हा खोलीत चिटपाखरू नव्हतं. घशातून आवाज निघेना, हाक मारता येईना. आपण मेलो, असंच त्या पोराला वाटलं होतं. सत्तरी ओलांडली तरी ती पांढरी खोली त्यांच्या मनातून गेली नव्हती. आत नेताना त्यांनी नीरजाताईंचा हात धरला. "नीरजा, मी काही सांगत नाही तुला कधी. आज सांगतो. डोळे उघडीन तेव्हा समोर तू हवीस."

"असेन," नीरजाताई म्हणाल्या.

डॉक्टरांनीही मान हलवली. "हरकत नाही. शुद्धीवर यायला लागले की तुमचं नाव पुकारतील."

मी सोबत होते. आमोद परदेशात, म्हणून थर्मास आणि पिशव्या सांभाळायला. प्रतीक्षागृहात निळ्या खुर्च्यांच्या ओळी होत्या आणि त्यांत माणसं पाण्यात बुडाल्यासारखी शांत बसली होती. काचांतून माघातलं ऊन येत होतं, पंखे संथ फिरत होते. समोर आत जायचं दार, दारापाशी खाकी कपड्यांतली रखवालदार मुलगी. आणि छताला भोकाभोकांची पांढरी तबकडी. ती मधूनमधून जागी होऊन म्हणायची, "कृपया जागेवर बसून राहा. नाव पुकारल्याशिवाय आत जाऊ नये."

मी नीरजाताईंकडे पाहिलं. त्या पाठ ताठ करून नीट बसल्या.

डॉक्टर बाहेर आले, सगळं छान झालंय, थोड्या वेळात जागे होतील, असं चालता चालता सांगून गेले. आम्ही नाव पुकारायची वाट पाहू लागलो. जेवणाची वेळ झाली, आतली माणसं बदलली. एक नर्स डबा घेऊन निघाली, दुसरी आली. नाव येईना. नीरजाताई उठल्या. "कृपया जागेवर बसून राहा." बसल्या. पुन्हा थोड्या वेळानं उठल्या, पुन्हा तोच आवाज, पुन्हा बसल्या. शेजारचे एक आजोबाही त्यांच्याबरोबर उठत होते आणि बसत होते. मग आणखी एक बाई. त्या खोलीतला प्रत्येक जण आपलं माणूस आत ठेवून आला होता आणि कुणीही दारापर्यंत जात नव्हतं. सभा गाजवणारी मीसुद्धा थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. उन्हानं, त्या आवाजानं माझ्या अंगात एक सुखद जडपणा भरला होता. कुणीतरी सांगतंय, आपण ऐकायचं. यात किती विसावा असतो, हे मला त्या दिवशी कळलं आणि त्याची भीती वाटली.

नीरजाताईंचा डोळा लागला होता. ओठ हलत होते. नंतर त्यांनी सांगितलं, की त्या मंडईत होत्या, रांगेत. पण या वेळी रिकाम्या गाळ्यांच्या पलीकडे एक पांढरा पलंग होता आणि त्यावर टॉन्सिलचं ऑपरेशन झालेला एक छोटा मुलगा तोंड उघडून हाक मारत होता. आवाज फुटत नव्हता. त्या छताकडे पाहून कुणीतरी 'विश्राम' म्हणेल म्हणून थांबल्या होत्या. मुलगा त्यांच्याचकडे बघत होता.

त्या दचकून जाग्या झाल्या आणि सरळ दाराकडे निघाल्या. मी मागोमाग.

"आत नाय जाता येत, काकू," रखवालदार मुलगी म्हणाली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर 'मैना' असं नाव होतं. "नाव पुकारल्यावर या."

"माझे यजमान जागे होत असतील. डॉक्टर हो म्हणालेत."

"असतील म्हनले. पर मला वरून ऑर्डर हाय."

"वरून म्हणजे कुणाची?"

मैनानं जरा विचार केला. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा. मग तिनं बोट छताकडे केलं. "ती बाई सांगतीया ना सारखं."

नीरजाताईंनी वर पाहिलं. नेमकी तेव्हाच तबकडी बोलली, "कृपया जागेवर बसून राहा." माझ्या शेजारी उभ्या नीरजाताईंचे गुडघे बसायला निघाल्यासारखे किंचित वाकले, हे मी पाहिलं. आता या परत फिरणार, तिकडे तो म्हातारा पांढऱ्या खोलीत एकटा डोळे उघडणार आणि पुढे जन्मभर या दोघांत ते राहणार, असं मला स्पष्ट दिसलं.

नीरजाताई सरळ झाल्या. "ती बाई मी आहे," त्या म्हणाल्या.

मैनाला हसू आलं. मग नीरजाताईंनी चष्मा वर सरकवला आणि बोलल्या, न थांबता, स्वच्छ, "कृपया दार उघडा."

मैनाचा हात कडीवर गेला. डोकं अजून विचारातच होतं, हात मात्र गेला. दार उघडलं आणि नीरजाताई आत गेल्या. मैना माझ्याकडे बघत राहिली. "त्यांचाच आवाज हाय की वो," ती हळूच म्हणाली आणि दार लावायचं विसरली.

त्यामुळे पुढचं मला दिसलं. दारापासून जवळचाच पलंग होता. गोपाळकृष्णांच्या पापण्या फडफडत होत्या, हात चादरीवर काहीतरी शोधत होता. नीरजाताईंनी तो धरला. एका नर्सनं काहीतरी विचारलं, त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, नर्सनं स्टूल आणून दिलं. बऱ्याच वेळानं गोपाळकृष्णांनी डोळे उघडले आणि बायकोला ओळखलं.

"पुकारलं का नाव?" त्यांनी खरखरत्या आवाजात विचारलं.

"नाही."

"मग कुणी सोडलं तुला?"

"मीच."

ते तिच्याकडे पाहत राहिले. गुंगी अजून उतरली नव्हती. त्या गुंगीतच चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "नीरजा, तुला काय हवंय?"

मी दारात थर्मास धरून उभी होते. आता 'तुम्ही म्हणाल तसं' येणार, हे मला पाठ होतं. नीरजाताईंनी नवऱ्याचा हात गालाला लावला आणि विचार करून एकेक शब्द उच्चारला.

"मला," त्या म्हणाल्या आणि तिथे थांबल्या. "मला चहा हवाय. आणि तुम्ही घरी हवे आहात."