सारसाच्या पायांचं जनावर

आधी कबूल करा, चहा संपेपर्यंत कोणी हसणार नाही. केलं? विश्वास नाही माझा, पण सांगतोच.

तेव्हा देशात राज्य इंग्रजाचं होतं आणि आमच्या घरात बाबांचं. देवरीच्या अलीकडे आमचं गाव, मागे जंगल, पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. मी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास होऊन घरी बसलो होतो. बसलो म्हणजे रिकामा नव्हतो हो! मी जनावरं घडवत होतो. बैल-घोडे नव्हेत, ते पोळ्याला कोणीही करतं. माझी जनावरं या पृथ्वीवर नसलेली. घुबडाच्या तोंडाचा बेडूक, शिंगं फुटलेला मासा! कायले म्हणता? अहो, ब्रह्मदेवाला जे सुचलं नाही ते आपल्याला सुचलं की कसं वाटतं, करून पाहा एकदा.

त्या उन्हाळ्यात मी मोठं काम काढलं. रानडुकराचं धड, घुबडाचं तोंड आणि खाली सारसाचे पाय. धड मातीचं, पाय मात्र सागवानाचे, दीड वीत लांब, तीन-तीन बोटांचे. पाय झाले आणि एक दिवस गोठ्यातून गायब! आईला विचारलं तर म्हणाली, "चुलीत गेले असतीन बाप्पा, मले का मालूम!" मी रुसून जेवलो नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग पाऊस लागला, धानाची रोपं लावायचा रोवणा सुरू झाला. एका सकाळी रोवणाऱ्या बायांची म्होरकी ठमाबाई धावत अंगणात आली.

"अवो माय! धुऱ्यावर पाय उमटले हायेत!"

"कोनाचे?" बाबांनी विचारलं.

"मानसाचे नाही, ढोराचे नाही. तीन बोटं हायेत! तुमच्याच वाडीतून निंगालं, मोहाच्या झाडापर्यंत गेलं अन् वापस आलं. आमी नाही येत बांधीत!"

मी धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे धावलो. ठसा पाहिला आणि अंगावर काटा आला. तीन बोटं! सारसासारखीच, पण केवढी मोठी! तुमच्या मनात आता जे आलं ना, ते माझ्या मनात आलं नाही. मला वाटलं, मी मनानं घडवलेलं जनावर खरंच आहे! देवरीच्या जंगलात आहे! आनंदानं डोळे भरून आले हो माझे.

गाव जमलं. बाबाही अनवाणी येऊन उभे राहिले. त्यांची नजर अधू. "मले तं निरा चिखलच दिसून राहिला," म्हणाले.

मी काडीनं मापं घेतली आणि जाहीर केलं, "दोन पायांवर चालतं. वजनदार आहे, वयस्कर आहे. डावा ठसा उथळ, म्हणजे डाव्या पायानं लंगडं. रोज पहाटे मोहामागं जातं, थोडा वेळ बसतं आणि परत येतं."

"बसते कायले?" ठमाबाईनं विचारलं.

"तेच तर शोधायचं आहे!"

"लंगडं हाय का?" बाबा हळहळले. बैलाच्या लाथेनं त्यांचाही डावा पाय अधू झालेला. "लात बसली असंन बिचाऱ्याले."

मी थांबायला हवं होतं. पण छे! चावडीवर रोज संध्याकाळी मी त्या जनावराला काहीतरी जोडत गेलो. आज सुळे, उद्या शेपूट. शेजारच्या गावच्या बायाही रोवण्याला येईनात.

"धानाचे पऱ्हे वाफ्यात पिवळे पडून राहिले अन् तू बोटं मोजून राहिला?" बाबा कडाडले. "रोवणा नाही झाला तं वर्षभर का खाशीन? तुये बेडूक? चल, मीच पायतो त्याले!"

निघालो लाठ्या घेऊन. पुढं मी, मागं गावातले गडी, चिखलात घसरू नये म्हणून सगळ्यांत मागं हळूहळू बाबा. बाया गावाच्या टेकाडावरून पाहत होत्या. आम्ही धुरा निम्मा ओलांडला असेल नसेल, ठमाबाई मागून आली आणि किंचाळली.

"अवो, मांगून येऊन राहिलं! ताजे पाय हायेत!"

वळून पाहतो तर खरंच! आम्ही आलो त्याच वाटेवर तीन बोटांचे ठसे, अजून पाणी भरत असलेले. शेवटचा ठसा थेट बाबांच्या पाठीशी!

"बाबा, पळा!"

बाबा पळाले. ठसे पळाले. बाबा डावीकडे, ठसे डावीकडे! "पाठ सोडत नाही हो!" मी ओरडलो, आणि बाबा धपकन बांधीत उताणे पडले. दोन्ही पाय वर.

त्या पायांत, दोरीचे पट्टे ठोकलेले, माझ्या सारसाचे पाय!

सगळे वाकून पाहू लागले. बाबा म्हणाले, "पाहून का राहिले? खडावा हायेत माह्या. गोठ्यात पडल्या होत्या. सकारी बाहेर जाले बऱ्या पडतेत, चिखलात पाय फसत नाही."

ठमाबाई हसता हसता चिखलात बसली. "का जी भाऊ, बसते कायले ते समजलं का आता?"

त्याच दुपारी रोवणा सुरू झाला. संध्याकाळी बाबा ओसरीवर ते पाय धूत बसले होते. उलटून पाहिले, बोटांवरून अंगठा फिरवला. माझं काम त्यांनी जन्मात पहिल्यांदा निरखून पाहिलं. माझी छाती फुगली.

"पाय झकास केले तू," बाबा म्हणाले. "पन वरचं जनावर राहू दे. एक मीनं बनवून ठेवलंच हाय घरात. फायनल पास!"